डावा कान

जयवंत परब गोरेगावच्या एका स्टुडिओत पडदे रंगवायचा. नटनट्यांच्या मागे जे भलेमोठे कापड ताणून उभे करतात, त्यावर हिमालय, राजवाड्याचे जिने, चांदणं पडलेली नदी असं काय हवं ते काढून द्यायचं, हे त्याचं काम. हिमालय त्याने जन्मात पाहिला नव्हता. पण कॅमेऱ्याला तो खरा वाटे, आणि कॅमेऱ्याला खरा वाटला की साहेब लोक खूश. चाळीशी उलटलेला, सडपातळ, मितभाषी माणूस. सदऱ्याच्या बाहीवर कायम कुठला ना कुठला निळा लागलेला.

मूळचा तो कुडाळकडचा. बाप परळच्या गिरणीत साचेवाला होता. पोराचा हात चांगला आहे हे शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी ओळखलं आणि शिष्यवृत्ती मिळवून त्याला चित्रकलेच्या वर्गात घातलं. तिथे त्याला श्यामकांत भेटला.

श्यामकांत म्हणजे कुंभेरीच्या जहागीरदारांचा एकुलता एक मुलगा. वडिलांशी भांडून दोन वर्षांसाठी मुंबईला चित्रकला शिकायला आलेला. रेशमी सदरा घालून वर्गात यायचा आणि दुपारी जयवंतच्या डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी बोटं चाटून खायचा. त्याचं रेखाटन यथातथाच, पण रंगाची जाण अशी की मास्तरही थबकत. जयवंतने आयुष्यातलं पहिलं तैलचित्र काढलं ते श्यामकांतचं. तो चेहरा त्याच्या हातात इतका बसला की पुढे डोळे मिटूनही काढू शकला असता. मग कुंभेरीहून बोलावणं आलं, श्यामकांत गेला, आणि वीस वर्षं दोघांची गाठ पडली नाही.

ती पडली चोपन्न साली. संस्थानं विलीन झाली होती, जहागिऱ्याही जात होत्या. बायको वारलेली, श्यामकांत एकुलत्या मुलीला, क्षमाला, घेऊन अंधेरीला वडिलांनी बांधलेल्या बंगल्यात राहायला आला होता. तिला शूटिंग दाखवायला एकदा तो स्टुडिओत आला आणि मागच्या पडद्याकडे बघत म्हणाला, "हा निळा माझ्या ओळखीचा आहे. कुणी रंगवलाय हा?" शिडीवरून जयवंत खाली उतरला. दोघे कडकडून भेटले. नोकरचाकर ज्यांना आबासाहेब म्हणत त्यांना एक पडदे रंगवणारा 'श्याम' म्हणतो हे पाहून स्टुडिओतल्या लोकांनी तोंडात बोटं घातली.

पुढच्या थंडीत क्षमाचं लग्न ठरलं, बडोद्याकडच्या एका सरदार घराण्यात. तेव्हा श्यामकांत जयवंतला म्हणाला, "कुंभेरीच्या दरबारात आमच्या पूर्वजांच्या तसबिरी आहेत. त्यांच्या शेजारी एक जागा रिकामी आहे. जहागीर गेली, पण भिंत अजून आमची आहे बाबा. लग्नाआधी मला तिथे टांग."

"टांगतो की," जयवंत हसून म्हणाला. "नीट बसशील का पण? पूर्वी सारखा हलायचास."

रविवारी सकाळी बैठका सुरू झाल्या. गोरेगावहून घोडबंदरच्या रस्त्याने सायकल हाणत जयवंत अंधेरीला यायचा. बंगल्याच्या व्हरांड्यात बसणाऱ्याच्या डावीकडून समुद्राकडचा स्वच्छ उजेड यायचा. श्यामकांत अंगरखा घालून, घराण्याची पगडी डोक्यावर ठेवून खुर्चीत बसे. क्षमा चहा आणून ठेवी, "जयवंतकाका, आबांचं नाक जरा लहान करा हं," म्हणून चेष्टा करी आणि आत जाई. इतके सुखाचे रविवार जयवंतच्या वाट्याला पुष्कळ वर्षांत आले नव्हते.

पण चित्र जमेना.

नाक जागेवर होतं, ओठ जागेवर होते, तरी समोरचा माणूस कॅनव्हासवर उतरत नव्हता. मोठाले पडदे रंगवून आपला हात राठ झाला, असं जयवंतला वाटलं. त्याने सगळं खरवडून काढलं आणि पुन्हा कोळसा हातात घेतला. ठरवलं की हा चेहरा आपल्याला ठाऊक आहे हे विसरायचं, आजच पहिल्यांदा बघतोय असं समजायचं. ब्रश हातभर पुढे धरून तो एकेक माप घेऊ लागला.

डाव्या भुवईपाशी त्याचा हात अडला. भुवई बाहेरच्या टोकाला नव्हतीच. विरळ झालेली नव्हे, पुसल्यासारखी गेलेली. मग त्याची नजर कानावर गेली. कानाची पाळी जाड झाली होती, लोंबती, आणि उजेडात मेण चोपडल्यासारखी चमकत होती. गालाची कातडीही तशीच, सुजरी, तुकतुकीत.

असा कान जयवंतने आधी पाहिला होता.

त्याच्या आईचा भाऊ, आपामामा. जयवंत आठेक वर्षांचा असताना गावाने त्याला व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्याच्या पार, झोपडी बांधून दिली होती. लोक रोगाचं नाव घेत नसत. 'मोठं दुखणं' म्हणत. आई केळीच्या पानात भात बांधून देई आणि जयवंतने तो एका कातळावर ठेवून मागे न बघता पळत यायचं, असा नेम होता. एकदा त्याने मागे बघितलं. मामा कातळापाशी आला होता आणि त्याच्याकडे बघून हसला होता. तो चेहरा, ते कान. पुढे एके दिवशी आदल्या दिवसाचं पान कातळावर तसंच दिसलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. मग आईने भात देणं बंद केलं.

"काय रे, भूत बघितल्यासारखा काय बघतोस?" श्यामकांतने विचारलं.

"काही नाही. उजेड बदलला."

जयवंतने मान खाली घालून रंग कालवायला घेतले.  वयाने होतं असं, त्याने मनाला समजावलं. मधुमेहाने होत असेल. तेवढ्यात नाकाला एक उग्र वास आला. त्याने वर पाहिलं. श्यामकांतच्या डाव्या हातातली सिगारेट जळत जळत बोटांपर्यंत आली होती. विस्तव दोन बोटांच्या मधे कातडीला टेकला होता, तिथून बारीक धूर निघत होता, आणि श्यामकांत शांतपणे समोरच्या माडांकडे बघत बसला होता.

"श्याम! बोट!"

श्यामकांत दचकला. त्याने सिगारेट टाकली, बोटांकडे पाहिलं आणि हसला. "आमच्या घराण्याची कातडी जाड, जयवंता. ढाली धरून धरून."

हसताना त्याचे डोळे मात्र जयवंतच्या तोंडावर खिळले होते. जयवंतही हसला. काही तरी सबब सांगून त्याने सामान आवरलं. फाटकाबाहेर आल्यावर सायकलवर चढायला पाय उचलेना, म्हणून तो जोगेश्वरीपर्यंत ती हाताने ढकलत चालला. महारोग. हा शब्द त्याने मनातल्या मनातसुद्धा उच्चारला नव्हता. आता तो जाईना.

त्या दिवसापासून जयवंतच्या जिवाला स्वस्थता राहिली नाही. त्याला एकेक आठवू लागलं. श्यामच्या पानाच्या डब्यातलं पान आपण खाल्लं. त्याच्या टॉवेलला हात पुसले. दिवाळीला तो घरी आला होता तेव्हा माणिकला, जयवंतच्या सहा वर्षांच्या मुलीला, त्याने मांडीवर घेऊन आपल्या हाताने लाडू भरवला होता.  चाळीच्या मागे न्हाणीत दार लावून तो बायकोच्या शिवणाच्या सुईने स्वतःच्या दंडाला, मांडीला, कोपराला टोचून बघू लागला. दुखलं की बरं वाटे. पण एखादी जागा राहिली असेल, अशी शंका यायची आणि तो पुन्हा सुई घ्यायचा. माणिक झोपली की तिच्या पाठीवर चट्टा आहे का ते बघायचा. एकदा गालावर पांढुरका डाग दिसला तर तो घामाने भिजला. ती पावडर होती.

आणि सांगायचं कसं? सांगितलं तर क्षमाचं लग्न मोडणार. बंगल्यातले नोकर पळणार. श्यामच्या वाट्याला तो व्हाळ नि ती झोपडी येणार, मग ती अंधेरीत का असेना. आणि आपलं चुकलं असेल तर? तोंडातून गेलेला शब्द मागे थोडाच घेता येतो!

शेवटी त्याने भित्र्या माणसाचा मार्ग धरला. चित्र पुरं करून सुटायचं. वीस वर्षांपूर्वीची भुवई त्याला पाठ होती. तीच त्याने काढली. कानाला हात लावायचा धीर झाला नाही, म्हणून पगडीखालून एक दाट सावली खाली ओढली आणि कान त्या सावलीत बुडवून टाकला.

चित्र बघायला श्यामकांत खुर्चीतून उठून आला. क्षमाने टाळ्या वाजवल्या. "किती रुबाबदार दिसताय आबा!"

 क्षमा आत गेल्यावर श्यामकांतने हलक्या आवाजात विचारलं, "उजेड डावीकडून होता ना रे?"

"हो."

"मग डाव्या कानावर सावली कुठून आली?"

"पगडीची," जयवंत म्हणाला. आपला आवाज आपल्यालाच परका वाटला त्याला.

"हं," श्यामकांत म्हणाला. "पगडीची."

थोडा हात फिरवायचा राहिलाय, पुढच्या रविवारी येतो, असं सांगून जयवंत निघाला. पुढच्या रविवारी तो गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. स्टुडिओत काम फार आहे, असा निरोप त्याने पाठवला.

एके संध्याकाळी चाळीसमोर जुनी हिरवी मोटार थांबली. पोरं गोळा झाली. श्यामकांत उतरला आणि जयवंतच्या दारापर्यंत आला.  मालन, त्याची बायको, पदर सावरत पुढे झाली. "येवा, भावजी, भायर कित्याक उभे?"

"नको वहिनी, घाईत आहे. जयवंताची तब्येत बघायला आलो."

तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. मालनने तिथेच चहा आणून दिला. त्याने कप घेतला नाही. "आत्ताच झालाय," म्हणाला. माणिक धावत त्याच्याकडे गेली तर तो चटकन दोन पावलं मागे सरला आणि दोन्ही हात त्याने पाठीमागे नेले. "मोठी झालीस गं," एवढंच म्हणाला. मग जयवंतकडे बघून: "बरा आहेस ना?"

"बरा आहे."

"मग झालं." आणि तो गेला.

श्यामने माणिकला हात लावला नाही या विचाराने जयवंतला आधी हायसं वाटलं. मग, गाडीचा आवाज दूर गेल्यावर, त्याला उमगलं की श्यामने हात लावला नाही म्हणजे काय. तो भिंतीला टेकून खाली बसला.

मालन समोर येऊन उभी राहिली. "काय झालासा तुमका? महिनोभर बघतंय मी. जेवणात लक्ष नाय, पोरीची पाठ काय बघतास, माझी सुई काय गायब करतास. खरा सांगा माका."

त्याने सगळं सांगितलं. मालन ऐकत गेली तसा तिच्या तोंडावरचा रंग उडत गेला. उठून तिने तो चहाचा कप, ज्याला श्यामकांतने बोटही लावलं नव्हतं, मोरीत नेऊन राखेने खसाखसा घासला. मग ती चुलीपुढे येऊन बसली.

"माका भय वाटता," ती म्हणाली. "चेडवाचा, माणिकचा भय वाटता. पण तुमच्या आपामामाक कोणी तोंडान सांगल्यान होता? नुसतो भायर काढल्यानी. वैद्य नाय, काय नाय. ह्यो माणूस उंबऱ्याभायर उभो रवलो, पोरीक शिवलो नाय. तेका ठाऊक आसा, पण तो एकटोच आसा. जावा तुम्ही." मग डोळे पुसून तिने बजावलं, "पण इल्यावर आधी न्हावा, मगे पोरीक जवळ घेवा."

जयवंत गेला तेव्हा श्यामकांत व्हरांड्यातच बसला होता, चित्रासमोर. त्याने मान वळवली नाही.

"श्याम," जयवंत म्हणाला.

"तू सगळं काढलंस आणि कान तेवढा गाळलास," श्यामकांत म्हणाला. "तेव्हा कळलं मला. त्याआधी मी मनाची समजूत घालत होतो. आरसा जुना आहे म्हणत होतो. बोट भाजलं तेव्हाही म्हटलं, लक्ष नव्हतं. डॉक्टरकडे जायची भीती वाटायची रे. लोकांच्या कानी गेलं तर पोरीचं काय, या भीतीने मी दोन वर्षं काढली." त्याने आता मान वळवली. "तू तरी दिसेल ते काढशील असं वाटलं होतं."

"भ्यालो मी," जयवंत म्हणाला. "तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी भ्यालो."

"मग काय, मीपण भ्यालोय," श्यामकांत म्हणाला.

दोन दिवसांनी दोघे या रोगाच्या दवाखान्यात गेले. तिथे नाव विचारलं तेव्हा श्यामकांत अडखळला. "श्यामकांत परब," जयवंतने मागून सांगितलं. "माझा भाऊ." बाकावर बसलेल्या लोकांकडे न बघण्याचा जयवंत आटोकाट प्रयत्न करत होता. कुणाला बोटं नव्हती, कुणाचं नाक बसलेलं. एक तरुण बाई मात्र अगदी धडधाकट दिसत होती आणि सारखी रडत होती.

डॉक्टर वयस्कर होते, कोरड्या बोलण्याचे. त्यांनी श्यामकांतला सदरा काढून बसायला सांगितलं. हातात टाचणी घेतली. "डोळे मिटा. टोचलं की हो म्हणायचं."

श्यामकांतने डोळे मिटले. डॉक्टरांनी मनगटाजवळ टोचलं. मग कोपरापाशी. मग करंगळीवर, जरा जोरात. रक्ताचा ठिपका वर आला.  

"करा ना सुरू डॉक्टर," श्यामकांत डोळे मिटूनच म्हणाला.

जयवंतने तोंड फिरवलं. डॉक्टरांनी टाचणी खाली ठेवली.

कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन त्यांनी काचेवर थोडा द्रव घेतला, तो तपासायला पाठवला, आणि निकाल आला तो ठाऊकच होता. पण डॉक्टरांनी पुढे जे सांगितलं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. आता या रोगावर गोळ्या निघाल्या आहेत. वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात, गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही, पण रोग थांबतो. लहान मुलांशी सध्या जवळीक नको. चहा-पानातून असा सहजासहजी लागत नाही. त्यांनी जयवंतलाही तपासलं, पुढे मालन, माणिक आणि क्षमाला आणायला सांगितलं. कुणालाच काही नव्हतं. "पण वर्षातून एकदा दाखवत जा," असं ते म्हणाले, आणि त्या एका वाक्याने जयवंतची झोप पुढची कित्येक वर्षं चाळवत राहिली.

क्षमाला बापानेच सांगितलं. ती खोलीत जाऊन बसली ती दिवसभर बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे सुजलेले होते. "त्यांना सांगून टाका आबा," ती म्हणाली. "लपवून मी त्या घरात गेले तर रोज दारावर थाप पडली की मला वाटेल, कळलं." श्यामकांतने बडोद्याला स्वतः जाऊन सांगितलं. व्याह्यांनी हात जोडले, ते अंतर ठेवूनच, आणि लग्न मोडलं. महिन्याभरात बंगल्यातला आचारी गेला, माळी गेला. दूधवाला किटली फाटकावर ठेवून जाऊ लागला.

"चित्र पुरं कर," श्यामकांत एकदा म्हणाला. "आहे तसा काढ."

जयवंतने ती सावली खरवडून काढली. पुन्हा रविवार सुरू झाले. भीती गेली होती असं नाही. तो पूर्वीपेक्षा हातभर लांब बसे, घरी आल्यावर आधी नळाखाली उभा राही, आणि कधी कधी येतानाच अर्ध्या रस्त्यात सायकल थांबवून, परत फिरावं का, याचा विचार करी. पण तो गेला. भुवई जिथे संपत होती तिथेच त्याने संपवली. कान रंगवायला फार दिवस लागले. त्या तुकतुकीत पाळीवर समुद्राकडचा उजेड कसा लालसर होऊन पडतो हे बघता बघता एका सकाळी त्याच्या लक्षात आलं की गेला तासभर आपल्याला आपामामा आठवला नाही. समोर श्याम होता, थकलेला, पण सरळ बसलेला. चित्र जमलं होतं.

कुंभेरीच्या भाऊबंदांनी ते दरबारात लावू दिलं नाही. बातमी तिथवर पोचली होती. चित्र अंधेरीच्या बंगल्यातच राहिलं, जेवणघरात, क्षमाच्या खुर्चीसमोर. ती आता विलेपार्ल्याच्या एका शाळेत शिकवत होती.

अठ्ठावन्नच्या अखेरीस डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्या चालू ठेवा, पण आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही. श्यामकांतची डाव्या हाताची दोन बोटं तोवर आत वळली होती. उजव्याची पकडही सैल झाली होती.

पुढच्या वर्षी क्षमाने शाळेतल्या एका शिक्षकाशी लग्न केलं. अनंत त्याचं नाव. त्याला तिने पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं होतं. तो आठ दिवस आला नाही आणि मग आला. लग्न नोंदणी कचेरीत झालं, वाजंत्री नाही, मानपान नाही. जयवंत आणि मालन सकाळीच आले होते. मालनने क्षमाच्या केसांत अबोलीचा वळेसर माळला.

सह्या करायची वेळ आली. कारकुनाने रजिस्टर श्यामकांतपुढे सरकवलं. श्यामकांतने टाक उचलला, तो बोटांतून निसटला, पुन्हा उचलला. कारकुनाने वर बघितलं. त्याची नजर आधी त्या हातावर गेली, मग चेहऱ्यावर, आणि तिथेच थांबली. जयवंतला वाटलं, झालं. आता हा खुर्ची मागे सारेल, आता ओरडेल, आता सगळी कचेरी गोळा होईल. क्षमाने अनंतचा हात घट्ट धरला होता. मालन पुटपुटत देवाचं नाव घेत होती.

"सावकाश करा," कारकून म्हणाला. "दौत जरा इकडे घेऊ का?"

आणि त्याने दौत सरकवून दिली. श्यामकांतने टाक मुठीत धरून, जीभ दातांत घेऊन, पोरासारखी एकेक अक्षर जोडत सही केली. शाई ओली होती. कारकुनाने टीपकागद तिच्यावर दाबला, पान उलटलं, आणि दाराकडे तोंड करून पुढच्या जोडप्याला हाक मारली.